रोज एक बिस्कीट की शनिवारी पिशवीभर गोळ्या?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. स्वीडनमधल्या लुंडला येऊन आठ महिने झाले, मुलगी साडेचार वर्षांची, तिथल्या बालवाडीत म्हणजे फोरस्कोलात जाते. तिच्या वाढदिवसाला तुम्ही पेढे पाठवलेत, ते शिक्षिकेनं प्रेमानं परत केले आणि इथे वाढदिवसाला फळं चालतात असं सांगितलं. त्याच वर्गातली मुलं शनिवारी मात्र पिशवी भरभरून गोळ्या खाताना दिसतात. घरी सासूबाई आल्या आहेत. त्या नातीला दुपारी चारला, सहाला आणि झोपताना दूध-बिस्कीट देतात आणि म्हणतात, "एकदम पोतंभर खाण्यापेक्षा रोज थोडं थोडं बरं." तुम्ही विचारलंय, बरोबर कोण? आणि स्वीडनच्या खाण्याचा एवढा बोलबाला आहे, तो खरा आहे का?

मी नागपूरला बीडीएस केलं आणि गेली चौदा वर्षं गोथेनबर्गमध्ये लहान मुलांचे दात बघते आहे. स्वीडिश मुलं, सिरियातून आलेली, सोमालियातली, आणि आपली मराठी मुलंही माझ्या खुर्चीत बसतात. त्या अनुभवावरून लिहिते. दातांपुरतं बोलायचं तर सासूबाईंचं म्हणणं चुकतं. सबंध शरीराचा विचार केला तर शनिवारची पिशवीही जशी दिसते तशीच्या तशी उचलण्यासारखी नाही. दोन्ही गोष्टी नीट उलगडून सांगते.

तुम्ही "किती" असं विचारताय. दाताला "किती"पेक्षा "किती वेळा" हे जास्त कळतं. तोंडात साखर गेली की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू तिचं आम्ल करतात. तोंडातला सामू (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन काढते, निष्प्रभ करते आणि सुटलेलं कॅल्शियम पुन्हा दातात बसवते. या दुरुस्तीला साधारण अर्धा ते एक तास लागतो. एक गोळी खाल्ली तरी हा फेरा होतो, दहा गोळ्या सलग खाल्ल्या तरी जवळपास एकच फेरा होतो. पण तेच दहा तुकडे दिवसभरात दहा वेळा खाल्ले, तर दाताला दुरुस्तीला फुरसतच मिळत नाही.

आणि बिस्कीट. आपल्याकडे बिस्कीट हे "गोड" धरतच नाहीत, ते नुसतं "काहीतरी तोंडात टाकायला" असतं. तुमच्या मुलीला बिस्कीट खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी "आ" करायला सांगा आणि मोबाइलच्या उजेडात मागच्या दाढांकडे बघा. दाढेच्या खाचांमध्ये पिवळसर लगदा बसलेला दिसेल. गोळी विरघळून निघून जाते, मैदा आणि साखरेचा हा लगदा तिथेच राहतो. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. म्हणून दिवसातल्या सगळ्या खाण्यांत झोपतानाचं ते दूध-बिस्कीट सर्वांत महागात पडतं. माझ्याकडे येणाऱ्या मराठी मुलांमध्ये बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा मला एकाच ठिकाणी दिसते: वरच्या समोरच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. त्या टप्प्यावर दात अजून वाचवता येतो. तीच रेघ तपकिरी होऊन मऊ पडली की नाही.

स्वीडिश लोक हे कुठून शिकले, ते सांगायलाच हवं, कारण ते तुमच्याच गावात घडलं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमध्ये दातांची अवस्था फार वाईट होती. १९३८ मध्ये सरकारी दंतसेवा सुरू झाली, आणि लगेच लक्षात आलं की कीड इतकी आहे की नुसते दात भरून भागणार नाही, कारण शोधावं लागेल. साखर हेच कारण की आणखी काही, यावर त्या वेळी एकमत नव्हतं. म्हणून १९४५ पासून लुंडच्या विपेहोल्म रुग्णालयात प्रयोग सुरू झाले. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आयुष्यभरासाठी ठेवलेली असत. त्यांचे गट पाडले. काहींना जेवणाबरोबर साखरेचं पाणी दिलं, काहींना गोड पाव, काहींना चॉकलेट. आणि काहींना जेवणांच्या मधल्या वेळात मुद्दाम बनवलेल्या मोठ्या, दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या दिल्या, दिवसाला ८ किंवा २४. एकंदर ४३६ जणांच्या दातांच्या नोंदींवरचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांची कीड फारशी वाढली नाही. जेवणांच्या मध्ये चिकट गोड खाणाऱ्यांची झपाट्यानं वाढली.

त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, आणि नाही म्हणण्याची त्यांची परिस्थितीही नव्हती. कित्येकांचे दात कायमचे गेले. खर्चाचा काही भाग साखर आणि मिठाई उद्योगानं उचलला होता. आज असा प्रयोग कुठल्याही देशात मान्य होणार नाही आणि होऊही नये. मी जेव्हा जेव्हा एखाद्या आईला "मधल्या वेळी गोड नको" असं सांगते, तेव्हा हे ज्ञान कोणाच्या तोंडून आलं याची मला आठवण असते. रुग्णालय १९८२ मध्ये बंद झालं. त्या आवारात आज विपान नावाची उच्च माध्यमिक शाळा आहे. तुम्ही तिच्यावरून कदाचित गेलाही असाल.

या निष्कर्षावरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या आरोग्य खात्यानं लोकांना सल्ला दिला: गोड खायचंच तर आठवड्यातून एकदा, एका बैठकीत खा. आठवड्याचा तो दिवस शनिवार ठरला आणि लोर्दाग्सगूदिस, म्हणजे शनिवारचा गोड खाऊ, ही रीत घराघरात रुजली. आपल्याकडे शनिवार मारुतीचा, कित्येक घरांत उपासाचा. इथे मुलं आठवडाभर त्याच वाराची वाट बघतात.

या रीतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दातांची नाही, घरातल्या शांततेची आहे. शनिवारी सकाळी एखाद्या मोठ्या दुकानात जाऊन दहा मिनिटं उभ्या राहा. भिंतभर पारदर्शक पेट्या असतात, प्रत्येकीत लहान डाव. मूल एक कागदी पिशवी घेतं आणि निवडायला लागतं. मी पाहिलेली एक मुलगी, असेल पाच वर्षांची, आंबट साखर लावलेली पट्टी उचलायची, पिशवीत टाकायची, पुन्हा काढून बघायची. वडील मागे उभे राहून एवढंच म्हणाले, "दहा झाल्या की थांबायचं." तिनं दहा मोजल्या, एक परत ठेवायला निघाली, तर वडिलांनी तिला सांगितलं की हातात घेतलेली परत टाकायची नाही. मग ती पट्टी तशीच पिशवीत गेली आणि पिशवी काट्यावर. मंगळवारी हीच मुलगी याच दुकानात येते तेव्हा हट्ट करत नाही, कारण उत्तर तिला आधीच ठाऊक असतं: आज शनिवार नाही. आपल्याकडे रोज, प्रत्येक दुकानासमोर, प्रत्येक पाहुण्यासमोर हा निकाल नव्यानं लावावा लागतो. आई दमते आणि पाचव्यांदा "बरं घे" म्हणते. मुलाला कळतं की पाचव्यांदा मागितलं की मिळतं.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचा खप माणशी वर्षाला साधारण १५ किलो धरला जातो, आणि हा आकडा जगातल्या मोठ्या आकड्यांत बसतो. म्हणजे शनिवारचं कुंपण आता पुष्कळ घरांत मोडलेलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे मिळून टीव्हीसमोर चिप्स आणि टाको खातात, त्याला फ्रेदाग्समीस म्हणतात. शनिवारी पिशवी, रविवारी आजीकडे केक. आणि फीका तर रोजचीच. फीका म्हणजे कॉफी आणि सोबत काहीतरी गोड, बहुतेक वेळा दालचिनीचा पाव. त्या पावाला १९९९ पासून स्वतःचा दिवस आहे, ४ ऑक्टोबर. कचेऱ्यांमध्ये दिवसातून दोनदा फीका होते आणि मोठ्यांच्या दातांत ती मला दिसतेही. तेव्हा जे स्वीडिश ते सगळं आरोग्याचं, असं अजिबात समजू नका.

शिवाय पिशवीचा आकार. जेली गोळ्यांमध्ये वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. साडेचार वर्षांच्या मुलीला दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी वरून घातलेल्या साखरेतून मिळावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिशेब केला तर ते साधारण ३० ग्रॅमच्या आसपास येतं. पाव किलोची पिशवी दाताला एक फेरा असेल, पण पोटाला नाही. म्हणून मी माझ्याकडच्या पालकांना किलो-ग्रॅम सांगत नाही, नग सांगते. या वयाला आठ-दहा नग पुरेत, आणि ते अर्ध्या तासात संपले पाहिजेत. तीन तास चघळत बसली तर शनिवार पाळूनही काही उपयोग नाही.

माझं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे. मुलीच्या दातांवर आधीच पांढरी रेघ किंवा कीड असेल, तर आधी तपासणी. तेव्हा शनिवारही काही महिने हलका ठेवावा लागतो. ती रात्री बाटलीनं दूध पीत असेल, तर सगळ्यात आधी ती बाटली सोडवा, बाकीचं नंतर. इथल्या मुलांमध्येही हे दिसतं. इथे बाळांना वेलिंग देतात, आपल्या नाचणीच्या पेजेसारखं दुधातलं पातळ पीठ. ते दिवसा वाटीनं उत्तम, रात्री बाटलीनं दातांची वाट लावतं. तिला दमा किंवा दुसरं काही असेल आणि औषधानं तोंड कोरडं पडत असेल, तरी गणित बदलतं. आणि ज्या मुलीला अजून गोळ्या ठाऊकच नाहीत, तिला "इथे सगळे करतात" म्हणून शनिवारची ओळख करून देण्याची गरज नाही.

खाण्याच्या बाकी रीतींपैकी मी मनापासून उचला म्हणेन ते म्हणजे वेळांचं बंधन. तुमच्या मुलीच्या फोरस्कोलात न्याहारी, जेवण आणि दुपारचं मेल्लानमोल, म्हणजे मधलं खाणं, ठरल्या वेळी असतं. मध्ये तहान लागली तर पाणी. मेल्लानमोलला राय नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या पिठाची कडक चकती, लोणी, काकडी, फळ, दूध किंवा फिल नावाचं आंबट दूध. फिल आपल्या पातळ दह्याच्या जवळचं आहे, बहुतेक मराठी मुलांना लगेच आवडतं. त्यात घरची लाह्या-पोह्यांची भुकटी आणि ब्लूबेरी घालून द्या. ही रायची चकती, क्नेकेब्रोड, पहिल्यांदा लाकूड चावल्यासारखी लागते, पण तिला चावावं लागतं, चावण्यानं लाळ सुटते, आणि तंतू भरपूर मिळतात. जुन्या काळी वर्षातून एक-दोनदाच भाजून, मधल्या भोकातून काठी घालून, छताखाली टांगून ठेवत. थंड प्रदेशातली ही साठवणीची भाकरीच.

शाळेचं जेवणही या देशाची मोठी ताकद आहे. त्याला सरकारी अनुदान १९४६ मध्ये सुरू झालं, १९९७ पासून सक्तीच्या शिक्षणातल्या प्रत्येक मुलाला ते फुकट देणं कायद्यानं बांधलेलं आहे, आणि २०११ पासून ते पोषक असलंच पाहिजे असंही कायद्यात आहे. पुढच्या वर्षी-दोन वर्षांत मुलगी शाळेत जाईल तेव्हा शाकाहारी ताटाची मागणी वेळेवर नोंदवा, बहुतेक शाळांत ते मिळतं. दुकानात घाईत असाल तर पाकिटावर हिरवं किल्लीच्या भोकाचं चिन्ह बघा. अन्न प्रशासनाचं हे चिन्ह १९८९ पासून आहे. त्याच प्रकारच्या इतर पदार्थांपेक्षा हे चिन्ह असलेल्यात साखर, मीठ कमी आणि धान्याचे तंतू जास्त असतात. गोळ्यांवर ते कधीच नसतं.

आता सासूबाई. त्यांना "तुमचं चूक" असं सांगायला मी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यांच्याच स्वयंपाकघरात याचं उत्तर आहे. आपल्या जुन्या ताटात गोड कुठे असतं? वरण-भात, भाजी, कोशिंबीर आणि त्याच ताटात शिरा, श्रीखंड किंवा पुरणपोळी. जेवणानंतर वेगळं नाही, जेवणाच्या मधल्या वेळी तर नाहीच. सणावारी गोड व्हायचं आणि ते जेवणातच संपायचं. जेवताना लाळ भरपूर सुटत असते, बाकीचं अन्न साखर धुऊन नेतं. विपेहोल्मच्या नोंदींनी जे दाखवलं तेच आपल्या आज्यांच्या ताटात मांडलेलं होतं. मोडलं ते पाकिटातल्या बिस्किटांनी आणि येता-जाता हातावर टेकवलेल्या खाऊनं. तेव्हा सासूबाईंना सांगा की नातीला प्रेमानं गोड भरवायचं आहे ना, तर दोन पेढे रात्रीच्या जेवणाच्या ताटात वाढा. चारला बिस्किटाऐवजी त्यांच्या हातचं थालीपीठ, उकडलेलं रताळं किंवा चणे-दाणे द्या. इथल्या डॉक्टरीण बाईंनी तुमच्याच पद्धतीला मान डोलावली असं सांगितलंत तरी ते खरंच आहे.

संक्रांतीला मात्र सांभाळा. तिळगुळाचा लाडू, चिक्की, वडी हे सगळं त्या प्रयोगातल्या टॉफीच्याच जातीचं, दाढेला धरून बसणारं. ते एका बैठकीत, जेवणाला लागून खाऊ द्या आणि डबा वर ठेवा. दिवाळीचा फराळही असाच: चकली-करंजीचं ताट बसून खायचं, दिवसभर येता-जाता डब्यात हात घालायचा नाही.

पेढ्यांचं वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळ फोरस्कोलांत वाढदिवसाला साखर नाही हा नियम सगळ्यांना सारखाच असतो, स्वीडिश घरातला केकही परत जातो. वर्गात पंचवीस मुलं म्हणजे वर्षाला पंचवीस वाढदिवस, हा हिशेब त्यामागे आहे. पुढच्या वर्षी टरबुजाचे आणि द्राक्षांचे तुकडे काड्यांना लावून पाठवा. द्राक्षं उभी चिरून पाठवा, लहान मुलांच्या घशात अख्खी अडकतात.

तुम्ही शाकाहारी आहात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, म्हणून एक सूचना. पेट्यांमधल्या पुष्कळ मऊ, फेसाळ आणि जेली गोळ्यांत जिलेटिन असतं, बहुधा डुकराचं. पेटीवरच्या चिठ्ठीवर घटक लिहिलेले असतात. हल्ली जिलेटिन नसलेल्या गोळ्यांच्या पेट्या वेगळ्या खुणेनं दाखवतात, नाही सापडल्या तर काउंटरवर विचारा. काळ्या गोळ्यांपासून सावध राहा. मुलगी चॉकलेट समजून उचलेल आणि ते खारट ज्येष्ठमध निघेल. कधी गाडीनं स्टॉकहोमला जात असाल तर व्हेटर्न सरोवराच्या काठच्या ग्रेना गावात थांबा. १८५९ मध्ये आमालिया एरिक्सोन नावाच्या विधवा बाईनं पोट भरायला परवानगी काढून पेपरमिंटच्या पांढऱ्या-लाल कांड्या तिथे विकायला सुरुवात केली. आजही काचेआड साखरेचा गरम गोळा आकड्यावर ओढून ओढून पांढरा करताना दिसतो. साखर, पाणी, थोडा व्हिनेगर आणि पेपरमिंटचं तेल, जिलेटिन नाही. पाडव्याच्या साखरगाठी ज्यांनी करताना पाहिल्या आहेत त्या सासूबाईंना ते बघायला फार आवडेल. कांडी मात्र चघळायला दिवसभर देऊ नका, फोडून तुकडा द्या.

तपासणीचं सांगायचं राहिलं. इथे मुलांची दंतसेवा फुकट आहे, वयाची १९ वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत. बोलावण्याचं पत्र अजून आलं नसेल तर थांबू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून नाव लावा. फोन करताना रात्रीचं दूध आणि ती पांढरी रेघ, दिसत असेल तर, आवर्जून सांगा म्हणजे लवकरची वेळ देतात.

येत्या शनिवारी सुरुवात करून बघा. दुपारचं जेवण झालं की लगेच, टेबलाशी बसून, आठ नग. मग पेलाभर पाणी. रात्री फ्लोराइडची पेस्ट घ्या, तिच्या करंगळीच्या नखाएवढी, आणि दात तुम्ही घासून द्या, तिला मांडीवर आडवं घेऊन, वरच्या समोरच्या दातांपासून सुरुवात करून. ती म्हणेल "मला येतं". तिला आधी घासू द्या, मग तुम्ही घासा. दहा वर्षांची होईपर्यंत हे काम मोठ्या माणसाचंच. घासून झालं की सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, आजीनं कितीही प्रेमानं पुढे केलं तरी.